आजी, तू कुणाच्या जमिनीवर राहतेस?

रविवारी सकाळी साडेसहाला माझा फोन वाजतो. ठाण्यात तेव्हा जेमतेम उजाडलेलं असतं. मेलबर्नमध्ये अकरा वाजलेले असतात आणि माझी पाच वर्षांची नात न्याहारी उरकून, केसांना दोन रबरं लावून पडद्यावर हजर असते. जूनच्या पहिल्या आठवड्यातल्या रविवारी तिने मला तिच्या शाळेतली एक गोष्ट करून दाखवली. रोज सकाळी वर्ग सुरू होण्याआधी सगळी मुलं ती करतात. आधी तिने दोन्ही तळवे जमिनीला टेकवले, मग हात आभाळाकडे नेले, मग छातीशी आणले. ही जमीन वुरुंजेरी लोकांची आहे, हजारो वर्षं ते तिला सांभाळत आले, आम्हीही सांभाळू, अशा अर्थाचं काहीतरी ती इंग्रजीत घडाघडा बोलली. आणि लगेच मराठीत विचारलं, "आजी, तू कुणाच्या जमिनीवर राहतेस?"

मी म्हटलं, "आपल्याच की गं."

"आपल्या म्हणजे कुणाच्या? तुझ्या आधी कोण होतं?"

आधी इथे एक कारखाना होता, तो पाडून आमची इमारत उभी राहिली, एवढं मला माहीत होतं. त्याच्याही आधी कोण होतं, हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोर येऊरचा डोंगर दिसतो. त्या डोंगरात पाडे आहेत, तिथे वारली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात, वाघोबाला पुजतात. खाडीच्या काठाला चेंदणी कोळीवाडा आहे. हे सगळं मला ठाऊक होतं, पण प्रश्नाचं उत्तर म्हणून ते माझ्या तोंडी आलं नाही. "पुढच्या रविवारी सांगते" असं म्हणून मी वेळ मागून घेतला. पाच वर्षांच्या मुलीने तो लगेच दिला.

फोन ठेवल्यावर लेकीचं एक जुनं बोलणं आठवलं. १४ ऑक्टोबर २०२३ ला ऑस्ट्रेलियात सार्वमत झालं. तिथले आदिवासी आणि टॉरस सामुद्रधुनीतल्या बेटांवरचे लोक यांना देशाचे पहिले रहिवासी म्हणून राज्यघटनेत मान्यता द्यावी, आणि त्यांच्याशी संबंधित बाबींवर संसदेला व सरकारला सल्ला देणारं त्यांचं एक मंडळ घटनेतच नोंदवावं, असा प्रस्ताव होता. साठ टक्के मतदारांनी नाही म्हटलं. सहापैकी एकाही राज्यात होकाराला बहुमत मिळालं नाही. त्याच देशात १९६७ मध्ये नव्वद टक्के लोकांनी होकार देऊन आदिवासींना लोकसंख्येच्या मोजणीतून वगळणारं कलम काढून टाकलं होतं. लेक त्या सोमवारी मुलीला बालवाडीत सोडायला गेली, तेव्हा तिथल्या बाईंनी नेहमीप्रमाणे मुलांकडून जमिनीला हात लावून घेतला. "आई, त्या बाईंचे डोळे सुजलेले होते," ती म्हणाली होती.

त्या आठवणीने मला आमच्याकडचं उलटं चित्र दिसलं. तिथे मुलांच्या तोंडी जे रोज येतं, ते राज्यघटनेत जाऊ शकलं नाही. आमच्या राज्यघटनेत आदिवासींसाठीच्या तरतुदी पहिल्या दिवसापासून आहेत. आदिवासी भागांसाठीची पाचवी अनुसूची आहे, अनुसूचित जमातींची यादी करण्याची तरतूद आहे, राखीव जागा आहेत. महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागांपैकी २५ आणि राज्यातल्या लोकसभेच्या ४८ जागांपैकी ४ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. २०११ च्या जनगणनेत राज्यात आदिवासींची संख्या एक कोटीच्या वर होती. पण आमच्या घरांत, आमच्या वर्गांत सकाळी कुणाच्या तोंडून त्यांचं नाव येत नाही. माझ्याही वर्गात ते आलं नाही. जे आलं, ते न आलं असतं तर बरं झालं असतं.

मी एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. स्नेहसंमेलनाच्या आधी वेशभूषा स्पर्धा असायची. शिवाजी महाराज, झाशीची राणी, भाजीवाली, पोलीस आणि हमखास एक आदिवासी. एका वर्षी तो आदिवासी मी स्वतः सजवला. मुलाच्या कमरेला आंब्याची पानं बांधली, डोक्यात पीस खोवलं, तोंडाला काजळ फासलं, हातात पुठ्ठ्याचा भाला दिला. वर्गात येऊरच्या पाड्यावरून येणारी एक मुलगी होती. तेल लावून घट्ट वेण्या घालणारी, गणितात पक्की. ती जवळ येऊन बराच वेळ बघत उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "बाई, आम्ही असं नाही घालत."

मी तिला काय उत्तर दिलं ते मला स्पष्ट आठवतं. "अगं, हे जुन्या काळचं आहे." ती गप्प झाली आणि जागेवर जाऊन बसली.

त्याच हॉलच्या भिंतींना आम्ही कागदाच्या पट्ट्यांवर वारली चित्रांची किनार चिकटवली होती. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून माणूस काढायचा, तारपा वाजवणाऱ्याभोवती फेर धरायचा, हे मी शेकडो मुलांना शिकवलं. मुळात ही चित्रं लग्नघरात भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवाष्णी लिहायच्या, चौकात पालघाट देवी असायची, तिच्याविना लग्न लागायचं नाही, हे मी कधी सांगितलं नाही. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला जगभर नेली, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, हेही नाही. जी मुलगी समोर बसली होती, तिच्या घरातल्या भिंतीविषयी मी तिलाच एक प्रश्न विचारायला हवा होता. तिचं चित्र मी हॉलभर लावलं आणि तिला सांगितलं की ती जुन्या काळची आहे. इतक्या वर्षांनीही हे लिहिताना मला जड जातं.

म्हणून आता लहान मुलांशी या विषयावर बोलायचं तर क्रियापदाचा काळ आधी दुरुस्त केला पाहिजे असं मला वाटतं. "आदिवासी जंगलात राहत असत" हे वाक्य आपल्या तोंडात इतकं बसलंय की समोर शेवळांसारख्या रानभाज्यांच्या जुड्या घेऊन बसलेली बाई आपल्याला दिसत नाही. ती आहे. तिची मुलगी नर्सिंगला आहे किंवा तालुक्याच्या कोर्टात वकिली करते आहे. देशाच्या राष्ट्रपतिपदी २५ जुलै २०२२ रोजी शपथ घेतलेल्या द्रौपदी मुर्मू संथाळ आहेत. मुलांना हे सगळं वर्तमानकाळात सांगितलं की त्यांच्या मनातला पानांचा घागरा आपोआप गळून पडतो.

पुढच्या रविवारी नात प्रश्न घेऊन तयारच होती. मी तिला म्हटलं, "मी ज्या गावात राहते, तिथे डोंगरात वारली लोक आधीपासून राहतात आणि खाडीजवळ कोळी राहतात. मी नंतर आले." तेवढ्याने तिचं समाधान झालं असतं, पण माझं होत नव्हतं. मी विचारलं, "गोष्टीच्या तासाला तू कुठे बसतेस?"

खिडकीजवळच्या निळ्या चौकोनावर, असं तिने सांगितलं. सतरंजीवर रंगीत चौकोन आहेत आणि तिचा निळा.

"समज, उद्या एक मोठा माणूस कागद घेऊन आला. म्हणाला, या कागदावर लिहिलंय की निळा चौकोन आता आमचा. तुला बसायचं असेल तर आम्हाला विचारून बस. नाही विचारलंस तर तू चोर."

ती एकदम ताठ झाली. "पण मी आधीपासून बसते!"

"हे लिहिलंय कुठे?"

ती विचारात पडली. मग म्हणाली, "लिहिलं नाहीये. पण सगळ्यांना माहितीये. तू कुणालाही विचार."

आमच्या जंगलांत इंग्रजांच्या काळात नेमकं हेच झालं. १८७८ आणि १९२७ च्या वनकायद्यांनी जंगलं सरकारी केली. ज्यांच्या आजोबा-पणजोबांची थडगी त्या जंगलात होती, ते एका कागदाने अतिक्रमण करणारे ठरले. मोळी आणली की गुन्हा, नांगर धरला की गुन्हा. स्वातंत्र्य आलं, पण वनखात्याची वही तीच राहिली. २००६ मध्ये संसदेने वनहक्क कायदा केला, तेव्हा या लोकांवर ऐतिहासिक अन्याय झाला हे कायद्याच्या प्रस्तावनेतच लिहिलं. त्या कायद्याचे नियम १ जानेवारी २००८ पासून लागू झाले. त्यात पुराव्यांची यादी आहे. सरकारी कागदपत्रं आहेतच, पण त्याबरोबर जुन्या विहिरी, दफनभूमी, देवाची ठिकाणं आणि गावातल्या वडीलधाऱ्यांचं लिहून घेतलेलं सांगणं हेही पुरावे म्हणून धरले आहेत. म्हातारीने ग्रामसभेपुढे सांगावं की मी या गावात लग्न होऊन आले तेव्हा हे शेत होतं, आणि तिचा शब्द दाव्याच्या कागदाला जोडला जावा.

नातीला मी एवढंच सांगितलं की आमच्याकडे एक कायदा आहे, त्यात आजीने सांगितलेलंही पुरावा म्हणून धरतात. तिला ते फार आवडलं. मग मी शेवटचा प्रश्न टाकला. "आता बाईंनी काय करायचं? तुला तो चौकोन द्यायचा?"

"द्यायचा नाही! तो माझाच आहे." ती माझ्यावरच चिडली. "बाईंनी सॉरी म्हणायचं आणि सगळ्यांना सांगायचं की तो माझा आहे."

मला वाटतं, या विषयातला सगळ्यात अवघड धडा तिने स्वतःच घेतला होता. त्या २००६ च्या कायद्याच्या नावातच ‘वनहक्कांची मान्यता’ असे शब्द आहेत. हक्क होताच, तो मानला गेला नव्हता. आपण मोठी माणसं मात्र सवयीने म्हणतो की सरकारने आदिवासींना जमिनी दिल्या, सवलती दिल्या. मुलं आपल्याकडून हे ‘दिल्या’ उचलतात आणि मग त्यांच्या मनात एक हात वर आणि एक हात खाली असं चित्र तयार होतं. दया वाटणं वाईट नाही, पण निळ्या चौकोनाच्या गोष्टीत माझ्या नातीला कुणाची दया नको होती.

त्यानंतरचे दोन रविवार आम्ही फोनवरूनच मेंढा गावात घालवले. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा हे गोंडांचं छोटं गाव आहे. दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही त्यांची घोषणा पुष्कळांनी ऐकली असेल. गावाचे पुढारी देवाजी तोफा आणि गावाला साथ देणारे कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल ही नावंही. तिथे ग्रामसभेत निर्णय बहुमताने घेत नाहीत, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलत राहतात. नातीला हा भाग खरा वाटेना. "मग जेवायला कधी जातात?" तिने विचारलं. जेवतात, आणि पुन्हा बसतात, असं मी सांगितलं.

२००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. देशात असा हक्क मिळालेल्या अगदी पहिल्या गावांपैकी ते एक. पण गावाने आपला बांबू विकायचं ठरवलं तेव्हा वनखात्याने वाहतुकीचा परवाना द्यायला नकार दिला. खातं म्हणे, बांबू हे झाड आहे, इमारती लाकूड आहे, ते आमचं. १९२७ च्या कायद्यात बांबूला झाडच म्हटलं होतं. वनस्पतिशास्त्रात मात्र बांबू गवत आहे, आणि वनहक्क कायद्यातही तो गौण वनोपजात, म्हणजे गावाच्या हक्काच्या वनउत्पादनात, मोडतो. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण स्वतः मेंढ्याला गेले आणि वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. आपल्या जंगलातला बांबू गावाबाहेर नेण्याची परवानगी गावानेच आपल्या सहीने द्यायची.

पाच वर्षांच्या मुलाला ग्रामसभा, परवाना, गौण वनोपज हे शब्द कळणार नाहीत असं आपल्याला वाटतं. शब्द कळत नाहीत, पण कागदावर गवताचं झाड करता येतं ही गोष्ट त्यांना चटकन कळते, कारण मोठ्यांच्या अशा युक्त्या ती रोज पाहतात. "तुझं आईस्क्रीम नाही, ते सगळ्यांचं आहे" हे वाक्य कधी येतं ते त्यांना पाठ असतं. नात दोन दिवस बागेतल्या बांबूला ‘मेंढ्याचं गवत’ म्हणत होती, असं लेकीने कळवलं.

लेकीला थोडी काळजी वाटत होती. इतक्या लहान वयात अन्यायाच्या गोष्टी कशाला, मूल घाबरेल, असं ती म्हणाली. तिचं म्हणणं मी उडवून लावत नाही. १९४५ साली डहाणू-तलासरीकडच्या वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध मान वर केली, तेव्हा सावकार-जमीनदारांनी त्यांचे काय हाल चालवले होते ते गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये आहे, आणि ते पुस्तक मी पाच वर्षांच्या मुलीसमोर उघडणार नाही. ते पंधराव्या वर्षी वाचावं. पण वारल्यांनी फुकट राबायला नकार दिला आणि तो टिकवला, एवढं पाचव्या वर्षीही सांगता येतं. मार खाल्लेली माणसं म्हणूनच ओळख करून दिली तर मूल घाबरतं किंवा कीव करतं. ज्यांनी नाही म्हटलं, ज्यांनी ठरवलं, ज्यांनी सही केली, अशी ओळख करून दिली तर ते त्यांच्या बाजूने उभं राहतं.

तशीच ओळख मी तिला जयपालसिंग मुंडा यांची करून दिली. रांचीकडचे मुंडा आदिवासी, १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय हॉकी संघाचे कर्णधार. पुढे ते संविधान सभेत आले. १९ डिसेंबर १९४६ रोजी तिथे त्यांनी ठणकावून सांगितलं की आदिवासींना तुम्ही लोकशाही शिकवू शकत नाही, ती तुम्हीच त्यांच्याकडून शिकायला हवी. आपल्या लोकांना आदिवासी म्हणा, असा त्यांचा आग्रह होता. इंग्रजी घटनेत तो शब्द आला नाही, तिथे ‘शेड्यूल्ड ट्राइब्ज’ राहिलं. कुणाला कोणत्या नावाने हाक मारायची ते त्यालाच विचारावं, हे बालवाडीतल्या मुलाला आपण पहिल्याच दिवशी शिकवतो. या माणसांच्या बाबतीत ते आपणच विसरलो. गोंड स्वतःला कोया म्हणतात. त्यांची गोंडी भाषा बोलणारे २०११ च्या जनगणनेत एकोणतीस लाखांहून जास्त होते, आणि तरी गोंडी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे भाषांच्या यादीत, नाही. नातीला याचं नवल वाटलं. तिच्या शाळेत वुरुंजेरींच्या भाषेतला नमस्काराचा शब्द शिकवतात. गोंडीत काय म्हणतात, तिने विचारलं. "जोहार," मी म्हटलं. जोहार आदिवासींच्या कितीतरी समाजांत म्हणतात, असंही सांगितलं. तेव्हापासून आमचा फोन जोहारने सुरू होतो.

एक गोष्ट मात्र मी तिला अजून नीट सांगू शकलेले नाही, कारण सांगताना माझाच आवाज जातो. मार्च २०१८. नाशिकहून ६ तारखेला हजारो शेतकरी पायी निघाले. त्यांत बहुसंख्य आदिवासी होते आणि त्यांची एक मोठी मागणी हीच होती की वनहक्काचे दावे निकाली काढा, कसतो त्या जमिनी आमच्या नावावर करा. जवळपास १८० किलोमीटर चालून तो मोर्चा ठाण्यावरून मुंबईत गेला. मी हायवेच्या पुलावर उभी राहून पाहिला. लाल टोप्या, लाल झेंडे, डोक्यावर बोचकी, म्हाताऱ्या बायका. काहींच्या पायांत चपला उरल्या नव्हत्या आणि तळव्यांची सालं निघाली होती. ११ तारखेच्या रात्री ते चुनाभट्टीजवळच्या सोमय्या मैदानात थांबले. सकाळी आझाद मैदानाकडे निघायचं होतं. पण १२ तारखेला दहावीचा पेपर होता. दिवसा मोर्चा निघाला तर रस्ते अडतील, मुलांना केंद्रावर पोचायला उशीर होईल, म्हणून सहा दिवस चाललेली ती माणसं मध्यरात्रीनंतर उठली आणि झोपलेल्या मुंबईतून गुपचूप चालत पहाटे आझाद मैदानात पोचली. त्याच दिवशी सरकारने बहुतेक मागण्यांवर लेखी आश्वासन दिलं.

ती मुलं आपली होती. माझ्या शाळेतून पुढे गेलेली काही त्या दिवशी पेपरला बसली होती. कुणी आपली झोप दिली म्हणून तू वेळेवर पोचलास, हे त्यांतल्या किती जणांना घरात सांगितलं गेलं असेल? मी स्वतः कुणाला सांगितलं नाही.

परवा जांभळी नाक्यावर शेवळं घ्यायला गेले. नेहमीच्या मावशी होत्या, शेवळांसोबत काकडाची आंबट फळं मोजून देत होत्या, ती भाजीत घातली नाहीत तर घशाला खाज येते. सात-आठ वर्षं मी त्यांच्याकडून रानभाज्या घेते. त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं की मावशी, तुमचा पाडा किती जुना? त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. घराजवळचा फणस सासऱ्यांच्या वडिलांनी लावलाय, म्हणाल्या. त्याच्या आधी काय होतं ते फणसालाच विचारा. मी नातीचा प्रश्न त्यांना सांगितला. त्या हसल्या नाहीत. एक जुडी जास्तीची पिशवीत टाकली आणि म्हणाल्या, "ताई, पोरगी आली का आणा तिला. दाखवीन."

डिसेंबरमध्ये लेक येणार आहे. आम्ही जाणार आहोत.

पण त्याआधी ९ ऑगस्ट येतो. त्या दिवशी क्रांतिदिन असतो आणि जागतिक आदिवासी दिनही असतो. संयुक्त राष्ट्रांनी तो १९९४ मध्ये ठरवला. शाळांमध्ये तयारी जुलैतच सुरू होते. माझ्या शिक्षिका मैत्रिणींना आणि मुलांच्या आईवडिलांना माझी हात जोडून विनंती आहे की यंदा कुणाच्या कमरेला पानं बांधू नका. जवळच्या पाड्यावरच्या एखाद्या आजींना, एखाद्या वनहक्क समितीच्या सदस्याला आधी विचारा, त्यांना सोयीची असेल ती वेळ घ्या, येण्याजाण्याचा खर्च द्या, बाईंच्या खुर्चीवर त्यांना बसवा आणि त्यांना बोलू द्या. मुलांनी मध्येच प्रश्न विचारले तर त्यांना अडवू नका. आणि वर्गात त्या समाजाचं मूल असेल, तर सगळ्यांसमोर उभं करण्याआधी त्यालाही विचारा, तुला चालेल का.